हिरव्या ठिपक्यावर किती विसंबायचं?

विजेवर चालणारी गाडी घेतलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना रोजच्या वापरात फारशी अडचण येत नाही. रात्री गराजमध्ये गाडी लावली, प्लग जोडला, सकाळी बॅटरी भरलेली. कसोटी लागते ती लांबच्या प्रवासात. भारतातून आलेले आई-बाबा मागच्या सीटवर, त्यांच्या मांडीवर पेंगुळलेलं पोर, बॅटरीत अठरा टक्के, आणि फोनमधलं ॲप सांगतंय की पुढच्या स्टेशनावर तीन चार्जर मोकळे आहेत. तीन हिरवे ठिपके. तुम्ही पोहोचता. पहिल्याचा स्क्रीन काळा. दुसरा कार्ड घेत नाही. तिसरा 'गाडीशी संपर्क साधत आहे' असं पाच मिनिटं सांगतो आणि गप्प होतो. ॲपमध्ये तिन्ही ठिपके अजून हिरवेच!

ही केवळ नशिबाची गोष्ट आहे का, याचं मोजमाप झालेलं आहे. सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या नऊ काउंट्यांमध्ये संशोधक आणि स्वयंसेवकांनी सर्वांसाठी खुल्या असलेल्या १८१ वेगवान चार्जिंग स्टेशनांवर प्रत्यक्ष जाऊन ६५७ सीसीएस प्लग तपासले. परीक्षा अगदी सोपी होती: गाडी लावायची, पैसे भरायचे, आणि दोन मिनिटं सलग वीज मिळते का ते बघायचं. हा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ७२.५ टक्के प्लग पास झाले. २२.७ टक्के चाललेच नाहीत: स्क्रीन बंद, पैसे स्वीकारले नाहीत, चार्जिंग सुरूच झालं नाही, नेटवर्क नाही किंवा प्लगच मोडका. उरलेल्या सुमारे पाच टक्के ठिकाणी केबल गाडीपर्यंत पोहोचेना. याच काळात चार्जिंग कंपन्या स्वतःचा आकडा ९५ ते ९८ टक्के सांगत होत्या.

दोन्ही आकडे आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात. कारण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

चार्जरला स्वतःचं दुखणं कळतं का?

तो हिरवा ठिपका येतो कुठून? चार्जरमध्ये मोबाइल फोनसारखंच एक मोडेम असतं. त्यावरून तो कंपनीच्या सर्व्हरला ठरावीक वेळाने 'मी जिवंत आहे' असा निरोप पाठवतो, आणि आपली अवस्था कळवतो: मोकळा, वापरात किंवा बिघडलेला. हे निरोप कोणत्या भाषेत पाठवायचे याचा ओसीपीपी नावाचा प्रमाण ठराव आहे. आता गंमत बघा. स्वतःच्या ज्या भागावर चार्जरची नजर आहे, त्याचाच बिघाड तो कळवू शकतो. कार्ड वाचणारं यंत्र पावसात भिजून बंद पडलं, प्लगची खिट्टी तुटली, उन्हाने स्क्रीन वाचता येईनासा झाला, तर चार्जरच्या दृष्टीने सगळं आलबेल असतं. तो 'मोकळा' असंच कळवत राहतो. उलट चार्जर ठणठणीत असताना फक्त मोडेम बंद पडलं, तर ॲपमध्ये तो करडा दिसतो आणि गाडी लावल्यावर कदाचित वीज देतोही.

एसटीच्या फलकावर गाडी 'फलाट ३ वर उभी आहे' असं लिहिलेलं असावं, गाडी खरोखर उभीही असावी, आणि चालकाचा पत्ता नसावा, तसा हा प्रकार. फलक खोटा नाही. तुम्ही मात्र गावी पोहोचत नाही.

अमेरिकेच्या २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यातून महामार्गांवरच्या चार्जिंगसाठी पाच वर्षांत ५ अब्ज डॉलर ठेवले गेले. त्या पैशातून उभारलेल्या स्टेशनांसाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये नियम झाले. स्टेशनावर किमान चार प्लग, प्रत्येकी १५० किलोवॉट, आणि प्रत्येक प्लग वर्षभरात सरासरी ९७ टक्क्यांहून जास्त वेळ चालू. ९७ टक्के ऐकायला छान वाटतं. वर्षात ५,२५,६०० मिनिटं असतात. त्यांचे तीन टक्के म्हणजे २६३ तास, जवळजवळ अकरा दिवस. त्या अकरा दिवसांतही बराच काळ हिशोबात धरला जात नाही. वीज कंपनीकडून पुरवठा खंडित झाला, कोणी केबल कापून नेली, नैसर्गिक आपत्ती आली किंवा आधी ठरवलेली देखभाल असली, तर तो वेळ वजा. तांब्यासाठी केबल कापून नेणं हा अमेरिकेत हल्ली चोरांचा आवडता उद्योग आहे. केबल कापलेला चार्जर तुमच्या उपयोगाचा शून्य, पण नियमाच्या सूत्रात तो दोषी नाही.

नियमाच्या बाजूनेही सांगायला हवं की नुसतं 'ऑनलाइन' असणं त्यात पुरेसं धरलेलं नाही. किमान ठरलेल्या क्षमतेने वीज प्रत्यक्ष मिळाली पाहिजे असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. अडचण मोजण्याची आहे. बंद असल्याची मिनिटं मुख्यतः चार्जरच्याच निरोपांवरून मोजली जातात, आणि आपण आजारी आहोत हे ज्याला ठाऊकच नाही त्याची रजा मांडणार कशी?

ब्रिटनमधल्या वाचकांनी आपला नियमही बघून ठेवावा. तिथे नोव्हेंबर २०२४ पासून ५० किलोवॉट आणि त्यावरच्या चार्जरसाठी ९९ टक्के विश्वासार्हता बंधनकारक आहे. अमेरिकेपेक्षा कडक वाटतो, पण ती सरासरी कंपनीच्या संपूर्ण जाळ्याची आहे. लंडनभोवतालचे शेकडो चार्जर उत्तम चालले, तर स्कॉटलंडच्या एखाद्या एकाकी रस्त्यावरचा महिनाभर बंद असलेला चार्जर त्या सरासरीत दिसणारही नाही. नेमकी त्या एकाकी रस्त्यावरच तुम्हाला त्याची गरज असते. टेस्लाने २०२२ साठी आपल्या सुपरचार्जरांचा आकडा ९९.९५ टक्के दिला होता. त्याची व्याख्याही वाचण्यासारखी आहे: दिवसभरात ज्या ठिकाणची निम्मी क्षमता चालू होती, ते ठिकाण 'चालू'. ही व्याख्या सोयीची आहे असं म्हणता येईल. मला मात्र ती प्रवाशाच्या दृष्टीने बरीच शहाणपणाची वाटते. का, ते थोडं पुढे सांगतो.

दोन मिनिटांची बोलणी

पेट्रोलचा नळ मुका असतो. खटका दाबला की पेट्रोल येतं. वेगवान चार्जर आणि गाडी मात्र वीज सुरू होण्याआधी एकमेकांशी बरीच बोलणी करतात, लग्न ठरवताना याद्यांच्या बैठकीत होतात तशी. प्लग नीट बसला का? मग प्लगमधल्याच एका तारेवरून दोघांचा डिजिटल संवाद सुरू होतो. शेजारच्या चार्जरचा संकेत चुकून आपल्या गाडीने पकडला नाही ना, याची खात्री होते. कोणत्या आवृत्तीची भाषा बोलायची ते ठरतं. पैशांची मान्यता येते, आणि ती बहुधा मोबाइल नेटवर्कवरून दूरच्या सर्व्हरकडून यायची असते. बॅटरी किती व्होल्टची, किती करंट सोसेल, हे गाडी सांगते. चार्जर केबलवर दाब देऊन कुठे गळती नाही ना ते तपासतो. शेवटी तो आपलं व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजच्या जवळ आणतो आणि मग गाडी आतला मोठा स्विच बंद करून सर्किट जोडते. ४०० किंवा ८०० व्होल्टचा मामला असल्यामुळे यातली एकही पायरी गाळता येत नाही. एक जरी अडली, तरी दोन्ही पक्ष सुरक्षिततेसाठी उठून जातात.

आता साधं गणित. समजा अशा सात पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरी शंभरातून ९८ वेळा नीट पार पडते. सातही पार पडण्याची शक्यता ०.९८ चा सातवा घात, म्हणजे सुमारे ८७ टक्के. कोणताही भाग फारसा वाईट नाही, तरी दर आठ प्रयत्नांतला एक फसतो. त्यात गाड्या वीस-पंचवीस कंपन्यांच्या, चार्जर दहा-बारा कंपन्यांचे, प्रत्येकाचं सॉफ्टवेअर दर दोन-तीन महिन्यांनी बदलणारं. प्रत्येक जोडीची बैठक वेगळी. ज्या प्लगवर तुमच्या मित्राची गाडी लगेच चार्ज झाली, त्याच प्लगवर तुमची होत नाही, हे म्हणूनच घडतं.

टेस्लाला इथे मोठा फायदा होता: गाडीही त्यांची, चार्जरही त्यांचा, आणि बहुतेक खांबांवर बिघडायला स्क्रीन नाही, कार्डाचं यंत्र नाही. प्लगचंच बघा. अमेरिकी सीसीएस प्लगची खिट्टी हातात धरायच्या मुठीवर असते. दिवसातून वीस जण ती आपटतात, आणि ती मोडते. टेस्लाच्या प्लगमध्ये कुलूप गाडीच्या बाजूला असतं. मोडलं तर एका गाडीचं मोडतं, सगळ्यांच्या वाट्याचा प्लग शाबूत राहतो. हा प्लग २०२३ पासून फोर्ड, जनरल मोटर्स आणि मग जवळजवळ सगळ्यांनी स्वीकारला, त्यामागे हा साधेपणाही आहे.

एकच आकडा, तीन वेगळे प्रवास

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा हिशोब. समजा तुमच्या प्रवासात तीन थांबे आहेत आणि प्रत्येक ठिकाणी चार प्लग. प्रत्येक प्लग चालण्याची शक्यता तीच, बे एरियाच्या अभ्यासातली ७२.५ टक्के. तिन्ही थांब्यांवर वीज मिळण्याची शक्यता किती?

उत्तर एक नाही. चारही प्लग एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र असतील, तर चारही एकदम बंद असण्याची शक्यता ०.२७५ चा चौथा घात, म्हणजे हजारात सहापेक्षा कमी. तीन थांब्यांचा प्रवास पार पडण्याची शक्यता ९८ टक्के. पण दोन-दोन प्लग एकाच वीज-कपाटावर असतील आणि कपाट बिघडलं की दोन्ही जात असतील, तर तीच शक्यता ७९ टक्क्यांवर येते. आणि चारही प्लगांचं मोडेम, ट्रान्सफॉर्मर किंवा पैसे घेणारी यंत्रणा सामाईक असून बिघाड नेहमी तिथेच होत असेल, तर चार प्लग हा एकच प्लग समजायचा. मग शक्यता उरते फक्त ३८ टक्के!

प्लग तेवढेच, दर्जा तोच, कंपनीच्या अहवालातला आकडाही तोच. फरक एवढाच की बिघाड एकेकटे येतात की एकत्र. खरी स्टेशनं या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. खिट्टी, स्क्रीन, केबल यांचे बिघाड एकेका खांबाचे. कपाटाचे बिघाड दोघा-चौघांचे. नेटवर्क आणि वीजपुरवठा सगळ्यांचा. म्हणून वर म्हटलं की 'ठिकाण चालू आहे का' ही व्याख्या प्रवाशाला जवळची आहे. वीस खांबांपैकी पाच बंद असले तरी तुमचं फारसं बिघडत नाही. चारच खांब असले आणि चारही एका मोडेमवर असले, की पंचाईत.

आय-५ वरचा हिशोब

बे एरियातून लॉस एंजेलिसकडे जाताना आय-५ वर हे करून बघा. कॅलिफोर्नियात एक्झिटचे क्रमांक मैलांवरून दिलेले असतात, त्यामुळे वजाबाकी सोपी. कोआलिंगाजवळचं हॅरिस रँच ३३४ वर, केटलमन सिटी ३०९ वर, लॉस्ट हिल्स २७८ वर, बटनविलो २५७ वर. तुमच्या गाडीची बॅटरी ७५ युनिटची आणि महामार्गावर शंभर मैलांना ३० युनिट लागतात असं धरू. हॅरिस रँच ते केटलमन २५ मैल, म्हणजे साडेसात युनिट, म्हणजे बॅटरीचे दहा टक्के. तेव्हा हॅरिस रँचला वीस टक्के घेऊन पोहोचलात आणि तिथे काही जमलं नाही, तरी केटलमनला दहा टक्के घेऊन जाल. पण केटलमनला जेमतेम दहा टक्क्यांनी पोहोचायचा बेत केलात, तर पुढचं लॉस्ट हिल्स ३१ मैलांवर आहे, बारा टक्के लागतील, आणि तिकडचा रस्ता बंद. पुढे दक्षिणेला ग्रेपव्हाइनचा घाट आहे. खोऱ्यातून टेहोन खिंडीच्या १,२६३ मीटरपर्यंतची चढण माणसांनी भरलेल्या गाडीला नुसत्या उंचीसाठीच सुमारे सहा युनिट, म्हणजे आठ टक्के मागते. उतरताना त्यातले काही परत मिळतात, पण आधी चढावं तर लागतं.

सुपरचार्जरांचं हॅरिस रँचचं ठिकाण ९८ खांबांचं आहे. एवढ्या खांबांत सगळेच एकदम जाणं फार दुर्मीळ. चार खांबांच्या स्टेशनाशी त्याची तुलना करताना, दोन्हींच्या अहवालात ९८ टक्के लिहिलेलं असलं तरी फसू नका.

थंडीत आणखी एक गोष्ट होते, आणि ती कोणत्याच आकड्यात दिसत नाही. जानेवारी २०२४ च्या कडाक्यात शिकागोच्या परिसरात सुपरचार्जरांवर रांगा लागल्या होत्या, काही गाड्या रांगेतच संपल्या. गारठलेल्या बॅटरीत लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांत हळू शिरतात. जबरदस्तीने करंट ढकलला तर लिथियम धातूच्या रूपात बाहेरच साचतं आणि बॅटरी कायमची खराब होते. म्हणून गाडी स्वतःच करंट आखडता घेते. आठ प्लगांवर एरवी अर्ध्या तासात गाडी निघत असेल, तर तासाला सोळा गाड्या जातात. तीच वेळ तासभर झाली की आठच. तासाला बारा गाड्या येत राहिल्या, तर दर तासाला रांग चार गाड्यांनी वाढते. यातला प्रत्येक चार्जर नियमाप्रमाणे 'वापरात', म्हणजेच शंभर टक्के चालू! यावर उपाय तुमच्या हातात आहे: स्टेशन गाडीच्याच नकाशात टाका. बहुतेक नव्या गाड्या मग वाटेतच बॅटरी तापवायला घेतात. फोनवरचा नकाशा वापरलात तर बऱ्याच गाड्यांना ते कळतच नाही.

परिस्थिती सुधारते आहे, हे नोंदवायला हवं. जे. डी. पॉवरच्या पाहणीत २०२३ मध्ये सार्वजनिक चार्जरवर गेलेल्या दर पाचांतला एक जण चार्ज न करता परतत होता. २०२५ मध्ये हे प्रमाण १४ टक्क्यांवर आलं. टेस्लाची नवी स्टेशनं इतर गाड्यांना खुली झाली. अर्थात जुन्या दुसऱ्या पिढीच्या खांबांवर त्या अजूनही चालत नाहीत, आणि गाडीचं तोंड वेगळ्या कोपऱ्यात असेल तर आखूड केबलपायी दोन जागा अडवून तिरकी उभी करावी लागते. लोक बघतात. बघू देत.

तेव्हा प्रवास आखताना प्रत्येक थांब्याला एक प्रश्न विचारा: इथे काहीच चाललं नाही तर मी कुठे जाईन, आणि ती जागा याच कंपनीची तर नाही ना? एकाच कंपनीचा सर्व्हर झोपला तर दोन्ही ठिकाणं एकदम झोपतील. पर्यायी जागा दुसऱ्या कंपनीची, शक्य तर दुसऱ्या गावाची, आणि पोहोचताना तिथवर जायला पुरेल इतकी वीज शिल्लक. भोज्जा म्हणून दर वेळी पंधरा टक्के धरण्यापेक्षा हे बरं. कुठे दहा पुरतील, कुठे पंचवीस लागतील. ठिपका हिरवा आहे का यापेक्षा प्लगशेअरसारख्या ॲपमध्ये तिथे शेवटची यशस्वी नोंद कधीची आहे, कोणत्या गाडीची आहे आणि किती किलोवॉट मिळाले ते बघा. काल संध्याकाळची, तुमच्याच मॉडेलची नोंद असेल, तर त्या बैठकीची बोलणी जमतात हे सिद्ध झालेलं आहे.

आणि चार्जिंग सुरू झालं नाही तर? आधी प्लग वर उचलून आधार देऊन धरा. जड केबलच्या ओढीने टोकं नीट टेकत नाहीत, हे फार वेळा कारण असतं. मग प्लग काढा, गाडी कुलूप करून दोन-तीन मिनिटं थांबा, म्हणजे दोन्ही बाजू जुनी बोलणी विसरतील. कार्डाने जमलं नाही तर ॲपवरून सुरू करा, ॲपने नाही तर कार्डाने. तरीही नाही, तर शेजारचा खांब सोडून त्यापलीकडचा धरा, कारण शेजारचा बहुधा त्याच कपाटावरचा असतो. खांबावर लिहिलेला क्रमांक सांगून मदतीच्या फोनवरून तो दुरूनच बंद-चालू करून घेता येतो. हे सगळं करण्यात पंधरा मिनिटं गेली, की तिथे आणखी थांबू नका. पर्यायी जागेसाठी वीज राखून ठेवलीच आहे. निघण्याआधी ॲपमध्ये त्या खांबाचा क्रमांक, वेळ आणि काय झालं ते दोन ओळींत टाका. अर्ध्या तासाने मागून येणाऱ्या कोणाच्या तरी गाडीतही आई-बाबा असतील.